स्वसंरक्षणाच्या हत्याराचा बोर (ग्वाल्हेर परिसर)

स्वसंरक्षणासाठी जवळ बाळगायच्या पिस्तुलाच्या किंवा रिव्हॉल्व्हरच्या नळीचा आतला व्यास किती असावा आणि त्या व्यासाच्या निरनिराळ्या काडतुसांपैकी कोणते तिच्यात चालावे, या निवडीला व्यवहारात ‘बोर ठरवणे’ म्हणतात. पाश्चात्त्य देशांत, विशेषतः अमेरिकेत, हा प्रश्न मुख्यतः गोळीच्या परिणामाचा मानला जातो. भारतात तो आधी कायद्याचा आणि मग यंत्रशास्त्राचा आहे. ग्वाल्हेर व चंबळच्या पट्ट्यात परवान्याच्या हत्याराला प्रतिष्ठेचे स्थान आहे आणि शिंदेशाहीबरोबर येथे स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांतही बारा बोरची बंदूक वारशाने उतरत आली आहे. तरीही हातात मावणाऱ्या हत्याराच्या बाबतीत परवानाधारकापुढे खरे पर्याय दोन-तीनच उरतात.

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार ‘प्रतिबंधित’, म्हणजे सामान्य नागरिकाला सहसा न मिळणारे, आणि ‘अप्रतिबंधित’ असे हत्यारांचे दोन वर्ग पडतात. नियमांच्या पहिल्या अनुसूचीत प्रतिबंधित वर्गाचे वर्णन केवळ व्यासावरून केलेले नाही, ते काडतुसावरून केलेले आहे: ज्या पिस्तुलात, रिव्हॉल्व्हरमध्ये किंवा कार्बाइनमध्ये ०.३८० किंवा ०.४५५ इंचाचे कडेदार, म्हणजे बुडाशी बाहेर आलेली कडा असलेले, काडतूस, अथवा सैन्याचे ९ मिमी किंवा ०.४५ इंचाचे कडेविरहित काडतूस बसते व सुटते, ते हत्यार प्रतिबंधित. या यादीच्या उगमाविषयी दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार तिची मुळे ब्रिटिश अमदानीतील ०.४५० बोरच्या बंदीत आहेत. मार्टिनी-हेन्री या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलींना चालणारा दारूगोळा वायव्य सरहद्दीवरील टोळ्यांच्या हाती जाऊ नये म्हणून हिंदुस्थानात त्या बोरच्या आयातीस मनाई झाली. तिचा काळ सामान्यतः १९०७ असा, तर काहींच्या मते त्याच्या थोडा आधीचा दिला जातो. ब्रिटिश बंदूककारांनी शिकारीसाठी ०.४६५, ०.४७० व ०.४७५ ही काडतुसे काढली ती प्रामुख्याने या मनाईला वळसा घालण्यासाठी. दुसरे मत असे की, तत्त्व जुने असले तरी लघुशस्त्रांची आजची यादी बरीच नंतरची, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराची असावी. यादीतील चारही काडतुसे पाहिली असता हे मत अधिक ग्राह्य वाटते. ०.४५५ हे वेब्ली रिव्हॉल्व्हरचे व ०.३८० हे १९३० च्या दशकात स्वीकारलेल्या एनफील्ड रिव्हॉल्व्हरचे काडतूस. पण कडेविरहित ०.४५ हे थॉम्पसन सबमशीनगनबरोबर व ९ मिमी हे स्टेनगनबरोबर ब्रिटिश फौजांत रुळले ते १९४० नंतरच. म्हणजे ही यादी मारकशक्तीच्या उतरंडीवर बेतलेली नसून, सरकारी कोठारातून चोरलेले काडतूस खाजगी हत्यारात चालू नये एवढ्याच हेतूने केलेली दिसते. तिच्यातून सुटलेले ०.३२ हे मुख्यतः नागरी काडतूस राहिले, ते कमी घातक ठरवून नव्हे, तर येथील सैन्याचे ते मुख्य काडतूस नव्हते म्हणून.

संस्थानी ग्वाल्हेरचा कारभार २८ मे १९४८ रोजी मध्यभारत संघाची स्थापना होईपर्यंत स्वतंत्र होता आणि महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांबरोबर परदेशी हत्यारेही इकडे आली असावीत. ३० जानेवारी १९४८ च्या गांधीहत्येत वापरलेले १९३४ नमुन्याचे इटालियन बेरेट्टा पिस्तूल ग्वाल्हेरहून मिळवलेले होते. त्याचे काडतूस ९ मिमी ‘कोर्तो’, म्हणजे आखूड, जातीचे होते आणि अमेरिकेत तेच ०.३८० या नावाने विकले जाते. वर उल्लेखिलेल्या कडेदार ०.३८० शी त्याचा संबंध नाही, मात्र दोन्हींचा घोळ छापील लेखनातही आढळतो. हे पिस्तूल पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत इटालियनांकडून हस्तगत झाले व संस्थानच्या फौजेतील एका अधिकाऱ्यामार्फत येथे पोचले, अशी हकीकत दिली जाते; ती संभाव्य असली तरी निर्विवाद नाही.

०.३२ या एकाच नावाखाली दोन वेगळी काडतुसे विकली जातात. रिव्हॉल्व्हरचे काडतूस ‘लाँग’ जातीचे असून स्मिथ अँड वेसन कंपनीने ते १८९६ मध्ये आणले. त्याची शिशाची गोळी सुमारे ६.४ ग्रॅमची असते, वेग सेकंदाला २१५ मीटरच्या आसपास आणि ऊर्जा साधारण १५० ज्यूल. पिस्तुलाचे काडतूस अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांनी बेल्जियममधील एफएन कारखान्यासाठी १८९९ च्या सुमारास तयार केले. युरोपात ते ७.६५ मिमी म्हणून ओळखले जाते. त्याची धातुवेष्टित गोळी ४.६ ग्रॅमची, वेग २७५ मीटर व ऊर्जा साधारण १७५ ज्यूल. दोहोंच्या गोळीचा प्रत्यक्ष व्यास सारखाच, सुमारे ७.९ मिमी, म्हणजे नावातील ०.३२ इंचापेक्षा किंचित कमी असतो. तुलनेसाठी, सैन्याच्या ९ मिमी काडतुसाची ऊर्जा ४५० ते ५०० ज्यूल असते. आखूड नळीच्या खिशातल्या हत्यारात हे सर्व आकडे आणखी घटतात.

पिस्तुलाच्या ०.३२ काडतुसाची कड अर्धवट असते, म्हणजे बुडाची कडा कवचाच्या बाहेर अगदी थोडी डोकावते. मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीतल्या काडतुसांच्या पेटीत, काडतुसे एकावर एक बसताना वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे अडकली, तर दुसरे काडतूस नळीच्या मागच्या कोठीत चढत नाही व पिस्तूल ऐनवेळी अडते. मूळ लांबीच्या धातुवेष्टित काडतुसात हा दोष क्वचित दिसतो. नेहमीपेक्षा आखूड काडतुसे भरली की अधिक. रिव्हॉल्व्हरमध्ये प्रत्येक काडतूस चक्राच्या स्वतंत्र कोठीत असल्याने हा प्रश्न मुळातच येत नाही आणि एखादे फुसके निघाल्यास चाप पुन्हा ओढला की पुढचे समोर येते. महिनोन्महिने कपाटात राहणाऱ्या आणि वर्षातून फार तर एकदोनदा चालवल्या जाणाऱ्या हत्याराच्या बाबतीत हा फरक २५ ज्यूलच्या आधिक्याहून मोलाचा मानावा लागेल. पिस्तुलाच्या बाजूने सांगता येतात ते गुण म्हणजे चपटा आकार व भरण्याची सुलभता.

गोळी मोठी असावी की वेगवान, हा वाद जुना आहे. फिलिपीन्समधील लढ्यात लहान बोरच्या गोळ्या अपुऱ्या पडल्याच्या अनुभवानंतर अमेरिकी सैन्याने १९०४ मध्ये थॉम्पसन व लागार्ड या आपल्या अधिकाऱ्यांकडून शिकागोच्या कत्तलखान्यातील जनावरांवर व मानवी मृतदेहांवर चाचण्या करवल्या आणि ०.४५ हून लहान बोर नको, असा निष्कर्ष निघाला. नमुने थोडे व पद्धत विस्कळीत असल्याने तो निष्कर्ष पुढे टीकेस पात्र ठरला, पण ०.४५ ची ख्याती टिकली. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीतील चकमकीत एफबीआय या अमेरिकी केंद्रीय तपास संस्थेचे दोन अधिकारी मारले गेले. हल्लेखोराला लागलेली ९ मिमीची एक गोळी हृदयापर्यंत न पोचता थांबल्याचे आढळले. त्यानंतर लष्करी शल्यचिकित्सक मार्टिन फॅकलर प्रभृतींच्या अभ्यासामुळे लक्ष व्यासावरून वेधाच्या खोलीकडे वळले आणि चाचणीत शरीराच्या जागी वापरल्या जाणाऱ्या जिलेटिनमध्ये १२ ते १८ इंच, म्हणजे सुमारे ३० ते ४५ सेंमी, खोली हे प्रमाण रूढ झाले. एफबीआय आधी १० मिमी व ०.४० कडे गेली आणि २०१० च्या दशकात पुन्हा ९ मिमीकडे वळली. हातात धरायच्या हत्याराने माणूस ‘उलटा फेकला जातो’ ही चित्रपटांनी रुजवलेली समजूत भौतिकीच्या नियमांत बसत नाही. गोळी कुठे लागते आणि किती खोल जाते, यावर परिणाम अवलंबून असतो. या कसोटीवर ०.३२ दुबळे असले तरी निरुपयोगी नाही, आणि हलक्या धक्क्यामुळे त्याने नेम साधणे सोपे जाते.

नव्या हत्यारांपैकी बहुतेक सरकारी कारखान्यांतील आहेत. कानपूरच्या सरकारी कारखान्यांतील ०.३२ रिव्हॉल्व्हर सर्वाधिक परिचित असून, कानपूरमध्येच २०१४ मध्ये स्त्रियांसाठी म्हणून टायटॅनियम मिश्रधातूचे ‘निर्भीक’ व ऑगस्ट २०२३ मध्ये ५० मीटर पल्ल्याचा दावा असलेले ‘प्रबल’ आले. ०.३२ पिस्तुलांत ‘अशनी’ हे नाव रूढ आहे. काडतुसे बहुधा पुण्याजवळील खडकीच्या, १८६९ मध्ये स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्याची असतात व विक्रेत्यांकडे ती ‘केएफ’ म्हणून मागितली जातात. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खाजगी आयात जवळजवळ थांबल्याने जुनी वेब्ली, वॉल्थर यांसारखी हत्यारे अवाच्या सवा किमतीला विकली जातात. अशा खरेदीत बोरपेक्षा नळीची झीज पाहणे महत्त्वाचे. ०.२२ बोरची रिव्हॉल्व्हरे हलकी असतात, पण त्या काडतुसाचा स्फोटक लेप कडेत पसरलेला असल्यामुळे ते फुसके निघण्याचे प्रमाण अधिक असते. चंबळ भागात पोलीस कारवायांत सापडणारे देशी कट्टे बहुधा ०.३१५ किंवा बारा बोरचे असतात. ते बेकायदा असून चालवणाऱ्यालाही धोक्याचे असल्याने या निवडीच्या कक्षेत येत नाहीत.

हत्यार बाळगण्याच्या पद्धतीविषयी लिखित साहित्य थोडे आहे. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये (कमरेच्या म्यानात) ठेवावे लागते व ते परजण्यास मनाई आहे. परवान्यासाठी सुरक्षिततेचे प्रशिक्षणही आवश्यक आहे. हत्याराच्या वापराचे समर्थन भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मधील खाजगी बचावाच्या हक्कावरून ठरते, बोरवरून नाही. परवान्याची ओढ या भागात किती आहे याचे द्योतक म्हणून शिवपुरीत २००८ मध्ये नसबंदी करून घेणाऱ्यांना परवान्यात प्राधान्य देण्याची आणि ग्वाल्हेरमध्ये २०१९ मध्ये अर्जदारांना झाडे लावायला सांगण्याची प्रशासकीय योजना नमूद करता येईल. शस्त्र अधिनियमाच्या त्याच वर्षाच्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर नेली आणि प्रत्येक परवानाधारकाला बाळगता येणारी हत्यारे तीनवरून दोनवर आणली. बारा बोरची बंदूक, ०.३१५ ची रायफल व ०.३२ चे रिव्हॉल्व्हर असा संच असलेल्यांना त्यांपैकी एक वर्षभरात जमा करणे भाग होते.