कड्यावरचा दिवा पायथ्याशी का उतरला?

जानेवारीच्या पहाटे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून किल्ल्याकडे पाहिले, तर कित्येकदा धुक्यात वरची तटबंदी पार नाहीशी झालेली असते. रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीतला पिवळा बल्ब मात्र अंधुक का होईना, दिसत राहतो. धुक्यातले सूक्ष्म जलकण प्रकाश चहूकडे विखुरतात आणि वाटेतले धुके जितके अधिक, तितका उजेड कमी पोहोचतो. ग्वाल्हेरचे हे धुके रात्री थंड झालेल्या जमिनीवर साचते. समुद्रकाठी मात्र आणखी एक प्रकार घडतो: दमट वारा उंच कड्याला धडकून वर चढतो, चढता चढता निवतो आणि कड्याच्या माथ्यावरच ढग बनून बसतो.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील बीची हेड हा असाच कडा. पांढऱ्या, मऊ खडूच्या या कड्याची उंची सुमारे 162 मीटर आहे, म्हणजे आपल्या किल्ल्याच्या टेकडीहूनही बरीच अधिक. त्याच्या पश्चिमेला कड्यावरच 1834 मध्ये बेल टाउट दीपगृह सुरू झाले. पण ज्या रात्री खलाशांना दिव्याची सर्वाधिक गरज असे, नेमक्या त्याच रात्री तो धुक्यात बुडून जाई. तेव्हा दिवा अधिक प्रखर करण्याऐवजी त्याची जागाच बदलली गेली, आणि हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो.

नवे दीपगृह कड्याच्या पायथ्यापासून सुमारे 165 मीटर आत, समुद्रातच उभारले गेले. भोवती बांध घालून पाणी उपसायचे, भरती आली की काम थांबवायचे, असा पायाचा क्रम होता. कॉर्नवॉलहून आणलेला ग्रॅनाइट कड्याच्या माथ्यावरून तारेच्या दोरमार्गाने खाली सोडला जाई. असा सुमारे 3,660 टन दगड लागला. 43 मीटर उंचीचा हा मनोरा 1902 मध्ये उजळला. दिवसा तो मागच्या पांढऱ्या कड्यात मिसळून जाऊ नये, म्हणून त्यावर तांबडा रुंद पट्टा आहे. 1983 मध्ये दिवा स्वयंचलित झाला आणि रखवालदार कायमचे किनाऱ्यावर परतले. 2013 मध्ये पट्टे पुन्हा रंगवले गेले, ते लोकवर्गणीतून.

लाटा खडूचा पायथा पोखरतात आणि वरचा भाग कोसळतो. म्हणून बेल टाउटची सुमारे 850 टनांची जुनी वास्तू मार्च 1999 मध्ये जॅकने उचलून, वंगण लावलेल्या तुळयांवरून सरकवत, कड्याच्या काठापासून 17 मीटर मागे नेण्यात आली.