सान सेबास्तियनला जाणारा मेक्सिकन चित्रपट: सहनिर्मितीची पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

१९६१ साली दिग्दर्शक लुईस बुन्युएल यांचा 'विरिदियाना' स्पेनतर्फे कान महोत्सवात गेला आणि पाम द'ओर या तिथल्या सर्वोच्च पारितोषिकाचा मानकरी ठरला. स्पेनच्या चित्रपट खात्याचे महासंचालक स्वतः मंचावर गेले आणि त्यांनी ते पारितोषिक स्वीकारलं. लगेचच व्हॅटिकनच्या मुखपत्राने चित्रपटावर टीकेची झोड उठवली, महासंचालकांचं पद गेलं आणि स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीने चित्रपटावर बंदी घातली. स्पेनमध्ये तो पडद्यावर यायला १९७७ साल उजाडलं. तरी तेवढ्या वर्षांत चित्रपट मेला नाही, कारण त्याच्या निर्मितीत गुस्ताव्हो आलात्रिस्ते या मेक्सिकन निर्मात्याचा वाटा होता. स्पेनने नाकारलं तरी मेक्सिकन चित्रपट म्हणून तो जगात हिंडू शकला.

सहनिर्मितीबद्दल बोलताना मी नेहमी इथूनच सुरुवात करते. दोन-तीन देशांतून पैसे गोळा करणं हा सहनिर्मितीचा एक भाग झाला. तिचा खरा गाभा म्हणजे चित्रपटाला एकाहून अधिक देशांचं नागरिकत्व मिळणं, आणि नागरिकत्व कागदावर मिळतं. हे कागद चित्रीकरणाआधी तयार नसतील, तर नंतर कितीही चांगला चित्रपट झाला तरी अनेक दारं बंद राहतात. आपल्याकडचे तरुण निर्माते या भागाला 'वकिलाचं काम' समजून बाजूला ठेवतात, हे पाहून वाईट वाटतं. म्हणून मेक्सिकोचं उदाहरण घेऊन स्पेनच्या सान सेबास्तियन चित्रपट महोत्सवापर्यंतची ही सगळी वाट इथे क्रमाने मांडते. रकमा आणि तारखा दर वर्षी बदलू शकतात. अर्ज भरताना त्या-त्या वर्षाची नियमावली समोर ठेवावी.

चित्रपट 'मेक्सिकन' कधी ठरतो

मेक्सिकोच्या १९९२ च्या चित्रपट कायद्याने दोन वाटा सांगितल्या. निर्मिती मेक्सिकन व्यक्तीने किंवा संस्थेने केलेली असावी, नाहीतर मेक्सिको सरकारने केलेल्या आंतरराष्ट्रीय सहनिर्मिती कराराच्या चौकटीत ती झालेली असावी. भाषा, कथेची जागा, दिग्दर्शकाचा जन्म यांवर हे एकट्याने ठरत नाही. कार्लोस रेगादास यांचा २००७ चा 'लुझ सिलेन्सिओसा' आठवा. चिवावा राज्यातल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या समाजावरचा हा चित्रपट स्पॅनिशमध्ये नाही, त्या समाजाच्या प्लाउटडीच बोलीत आहे. त्यात फ्रान्स, नेदरलँड्स आणि जर्मनीचेही भागीदार होते. तरी ऑस्करसाठी मेक्सिकोने तोच पाठवला.

लॅटिन अमेरिकेपुरता सर्वात उपयोगी करार १९८९ साली कराकासमध्ये झाला आणि मेक्सिको त्यात आहे. या करारानुसार झालेली सहनिर्मिती प्रत्येक भागीदार देशात 'स्वदेशी' मानली जाते, म्हणजे तिथल्या अनुदानाला, करसवलतीला, पारितोषिकांना पात्र होते. मूळ करारात सर्वात लहान भागीदाराचा वाटा किमान २० टक्के ठेवला होता. पुढे दुरुस्ती झाली आणि अनेक देश एकत्र येतात तेव्हाच्या मर्यादा बदलल्या. वाटा फक्त पैशाचा चालत नाही. ज्या देशाचा जेवढा पैसा, त्या प्रमाणात तिथले कलाकार आणि तंत्रज्ञ असावे लागतात. हे कलम न वाचता कलाकार-तंत्रज्ञांची नावं ठरवून मोकळे झालेले निर्माते पुढे अडकतात.

कागदपत्रं

मेक्सिकोत हे काम इमसिने, म्हणजे १९८३ साली स्थापन झालेली मेक्सिकन चित्रपट संस्था, पाहते. स्पेनमध्ये इका ही तिथली चित्रपट संस्था. अर्ज एकाच ठिकाणी करून भागत नाही. प्रत्येक सहनिर्माता आपापल्या देशातल्या संस्थेकडे जातो आणि दोन्हीकडच्या फायली एकमेकींशी जुळाव्या लागतात. साधारणपणे मोठा वाटा असलेल्या देशाचा निर्णय आधी होतो, लहान वाट्याचा देश त्यानंतर. चित्रीकरणाआधी तात्पुरती मान्यता आणि चित्रपट पूर्ण झाल्यावर, खर्चाचा हिशेब दिल्यावर, अंतिम मान्यता, असे दोन टप्पे बहुतेक करारांत असतात.

फायलीत पुढच्या गोष्टी लागतात: पटकथा आणि सारांश, कोणत्या देशात किती खर्च होणार हे वेगळं दाखवणारं अंदाजपत्रक, अर्थपुरवठ्याचा आराखडा, कलाकार-तंत्रज्ञांची राष्ट्रीयत्वासह यादी, चित्रीकरणाचं वेळापत्रक आणि ठिकाणं, निर्मिती संस्थेचा नोंदणी दस्त, करक्रमांक आणि सही करणाऱ्याचं मुखत्यारपत्र. ही सगळी कागदं महिन्याभरात जमतात. वेळ खातात ते पुढचे दोन कागद.

पहिला, हक्कांची साखळी. कथा कोणाची, पटकथा कोणी लिहिली, लेखकाने ती निर्मात्याला कोणत्या कराराने दिली, कादंबरीवर असेल तर कादंबरीकाराची परवानगी कुठवर आहे, याचा एकही दुवा तुटलेला चालत नाही. मेक्सिकोत पटकथेची नोंद इंदाउतोर या स्वामित्वहक्क (कॉपीराइट) संस्थेत होते. पण नोंद म्हणजे हस्तांतर नव्हे. नोंद लेखकाच्या नावावर असते. निर्मात्याकडे हक्क आले हे दाखवायला स्वतंत्र करार हवा. मित्राने लिहून दिलं, दोघांनी मिळून सुधारलं, कागद नंतर करू, असं आपल्याकडे सर्रास चालतं. सहनिर्मितीत परदेशी भागीदाराचा वकील सगळ्यात आधी हाच कागद मागतो.

दुसरा, सहनिर्मितीचा करारनामा. यात प्रत्येकाचा टक्का, पैसे कोणत्या हप्त्यात येणार, खर्च वाढला तर वाढीव रक्कम कोण भरणार, कोणत्या प्रदेशाचं उत्पन्न कोणाचं, मूळ निगेटिव्ह किंवा डिजिटल मास्टरवर मालकी कोणाची, आणि एखादा भागीदार मधेच बाहेर पडला तर काय, हे सगळं असावं लागतं. एक कलम खास महोत्सवासाठी वाचा. बहुतेक करारांत असं लिहिलेलं असतं की महोत्सवात चित्रपट ज्याचा वाटा मोठा त्या देशातर्फे जाईल. वाटे समान असतील तर दिग्दर्शकाच्या देशातर्फे. श्रेयनामावलीत आणि प्रसिद्धीत सगळ्या देशांची नावं येणंही बंधनकारक असतं. 'विरिदियाना'ची हकिगत माहीत असलेल्याला या कलमाचं मोल वेगळं सांगायला नको.

पैसे कुठून येतात

देशांतर्गत मोठा आधार एफिसिनेचा, म्हणजे मेक्सिकोच्या आयकर कायद्यातल्या कलम १८९ चा. करदाती कंपनी मान्यताप्राप्त चित्रपटात पैसे घालते आणि तेवढी रक्कम तिच्या आयकरातून वजा होते. मर्यादा तिच्या आदल्या वर्षीच्या आयकराच्या १० टक्क्यांची. २०१४ पासूनच्या रचनेत एका चित्रपटाच्या निर्मितीसाठी कमाल २ कोटी पेसोंची मर्यादा होती. अर्जदार मेक्सिकन निर्मिती संस्था असावी लागते. म्हणून परदेशी निर्मात्याने आधी तिथला भागीदार शोधायचा, मग पैसे.

देशाबाहेरचा आधार इबेरमेदियाचा. स्पेन, पोर्तुगाल आणि लॅटिन अमेरिकी देशांनी मिळून १९९० च्या दशकाच्या अखेरीस उभा केलेला हा निधी. सदस्य देश आपापली वर्गणी भरतात आणि सदस्य देशांमधल्या सहनिर्मितीला मदत मिळते. मेक्सिकन निर्मात्याचा अर्ज इमसिनेच्या माध्यमातून पुढे जातो.

सान सेबास्तियनची तीन दारं

स्पेनच्या बास्क प्रदेशात, समुद्रकाठी, १९५३ पासून भरणारा हा महोत्सव सप्टेंबरमध्ये असतो. मेक्सिकन चित्रपटासाठी तो घरच्यासारखा आहे, कारण तो प्रकल्पाला कागदावर असल्यापासून पडद्यावर येईपर्यंत सोबत करतो.

पहिलं दार युरोप–लॅटिन अमेरिका सहनिर्मिती मंचाचं. २०१२ साली सुरू झालेल्या या मंचावर पटकथेच्या अवस्थेतले प्रकल्प येतात. अर्जदार संस्था युरोप किंवा लॅटिन अमेरिकेतली हवी. पटकथा, दिग्दर्शकाचं टिपण, अंदाजपत्रक आणि अर्थपुरवठ्याचा आराखडा लागतो. त्यातली काही रक्कम निश्चित झाल्याचा पुरावाही हवा. नुसती कल्पना घेऊन इथे जाता येत नाही. मला हा नियम योग्य वाटतो, कारण घरातून थोडातरी विश्वास मिळवलेला प्रकल्पच परक्या माणसाला विश्वासाने दाखवता येतो.

दुसरं दार डब्ल्यूआयपी लातामचं, म्हणजे चित्रीकरण झालेल्या पण पोस्ट-प्रॉडक्शनमध्ये पैसे संपलेल्या चित्रपटांचं. फ्रान्समधल्या तुलूझच्या महोत्सवाबरोबर २००२ साली सुरू झालेल्या 'सिने एन कोन्स्त्रुक्सिओन' या उपक्रमाचं हे पुढचं रूप आहे. निवडलेल्या चित्रपटांची कच्ची आवृत्ती निर्माते, वितरक आणि महोत्सवांचे निवडकर्ते पाहतात. मुख्य पारितोषिकात स्पॅनिश कंपन्या ध्वनी, रंगसंगती, सबटायटल करून डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहात दाखवायची डिजिटल प्रत, तयार होईपर्यंतचं काम पूर्ण करून देतात. इथे पाठवायची आवृत्ती अपूर्ण असली तरी चालते, मात्र कथा उलगडून कळावी इतका संपादनाचा टप्पा पार झालेला असावा.

तिसरं दार 'ओरिसोन्तेस लातिनोस' या स्पर्धात्मक विभागाचं. लॅटिन अमेरिकेत पूर्णतः किंवा अंशतः निर्माण झालेले, लॅटिन मूळ असलेल्या दिग्दर्शकांचे, किंवा जगात अन्यत्र राहणाऱ्या लॅटिन समाजाचा विषय असलेले पूर्ण लांबीचे चित्रपट इथे येतात. 'अंशतः' हा शब्द सहनिर्मितीसाठी मोलाचा आहे. चित्रपट स्पेनमध्ये आधी प्रदर्शित झालेला नसावा. पण जगातला पहिला खेळ इथेच व्हावा, असा हट्ट नाही. तातियाना उएसो यांचा 'नोचे दे फुएगो' कानहून आला आणि २०२१ मध्ये इथे जिंकला. २०२४ चा विजेता 'एल जॉकी' व्हेनिसच्या स्पर्धेतून आला होता. दिग्दर्शक अर्जेंटिनाचा, भागीदारांत मेक्सिकोही. मुख्य अधिकृत स्पर्धेचे प्रीमियरचे नियम मात्र कडक आहेत. म्हणून चित्रपट कुठे आधी दाखवायचा हे ठरवण्याआधी सगळ्या भागीदारांनी एकत्र बसावं. एका देशातल्या भागीदाराने घाईने घेतलेला खेळ दुसऱ्याची संधी घालवू शकतो.

या विभागाचं पारितोषिक ३५,००० युरोंचं. ते दिग्दर्शक आणि चित्रपटाचा स्पेनमधला वितरक यांच्यात विभागलं जातं. अर्जासोबत पाहण्याचा दुवा, सारांश, दिग्दर्शकाचा परिचय आणि छायाचित्रं. निवड झाल्यावर डीसीपी, संवादांची यादी, स्पॅनिश आणि इंग्रजी सबटायटल.

२०२२ साली याच विभागात जिंकलेला कोस्टा रिका, बेल्जियम आणि फ्रान्सचा 'तेंगो स्वेन्योस इलेक्त्रिकोस' दोनच महिन्यांनी पणजीला इफ्फीत, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, आला आणि तिथलं सर्वोच्च पारितोषिक सुवर्ण मयूर घेऊन गेला. गोव्यात त्या वर्षी तो पाहिलेल्यांनी वर सांगितलेल्या वाटेवरचाच एक चित्रपट पाहिला होता.

महाराष्ट्रातल्या निर्मात्यासाठी

अधिकृत सहनिर्मिती फक्त करार असलेल्या देशांमध्ये होते. भारताचे असे करार ज्या देशांशी आहेत, त्यांत स्पेन आणि ब्राझील आहेत. तिसऱ्या देशाचा भागीदार घेता येतो का, हे त्या करारातलं कलम वाचून ठरवावं. करारावाचून येणाऱ्या परदेशी चित्रपटालाही भारतातल्या चित्रीकरणाच्या खर्चावर परतावा मिळतो. २०२३ मध्ये इफ्फीत जाहीर झालेल्या सुधारणेनुसार तो पात्र खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत, कमाल ३० कोटी रुपये आहे. अर्ज एनएफडीसीच्या, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या, इंडिया सिने हबकडे करायचा. भागीदार शोधण्याची जवळची जागा म्हणजे गोव्यातला फिल्म बझार हा चित्रपट बाजार. २००७ पासून एनएफडीसी तो भरवते.

कंपनीचे भारतीय कागद मेक्सिकोत किंवा स्पेनमध्ये द्यायचे असतील तर त्यांना अपॉस्टील, म्हणजे परदेशात ग्राह्य धरला जाणारा सरकारी शिक्का, लागतो. नोटरी, मग चेंबर ऑफ कॉमर्स, मग परराष्ट्र मंत्रालय असा क्रम, आणि त्यानंतर तिथल्या मान्यताप्राप्त अनुवादकाकडून स्पॅनिश अनुवाद. इथे मराठी नावांची एक खास अडचण होते. स्पॅनिश अर्जात नावापुढे दोन रकाने असतात, वडिलांचं आडनाव आणि आईचं आडनाव. आपण नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो आणि वडिलांचं नाव पहिल्या आडनावाच्या रकान्यात जाऊन बसतं. मग करारनामा एका नावाचा, मुखत्यारपत्र दुसऱ्याच नावाचं, अशी फाईल होते. आपलं आडनाव पहिल्या रकान्यात लिहावं, दुसरा मोकळा ठेवावा, पासपोर्टवरची अक्षरं तशीच उतरवावीत आणि अनुवादकालाही तसंच करायला आधी लेखी सांगावं.