वर्षाला १० पाउंड: अमेरिकेतल्या उल्का-नियमामागची जुनी भांडणं

अमेरिकेत सरकारी जमिनीवर सापडलेली उल्का उचलून घरी नेता येते का? तर येते, पण माणशी वर्षाला १० पाउंड, म्हणजे साधारण साडेचार किलोच, तीही जमिनीवर पडलेली आणि स्वतःच्या कलेक्शनसाठी, विकायची असेल तर वेगळं परमिट काढा. हा नियम ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्र सरकारच्या जमीन खात्याने (सगळे बीएलएमच म्हणतात) २०१२ मध्ये काढला, आणि नेवाडा, ॲरिझोना, कॅलिफोर्नियातलं बरंचसं वाळवंट याच खात्याकडे असल्यामुळे उल्का शोधत फिरणाऱ्यांची गाठ यांच्याशीच पडते. त्या सुमारास टीव्हीवर उल्का शोधायचे शो गाजत होते, म्हणून सरकारला जाग आली असं बरेच जण म्हणतात, असेलही, पण मूळ भांडण त्याच्या १२० वर्षं आधीचं आहे.

१८९० मध्ये आयोवात फॉरेस्ट सिटीजवळ उल्का पडल्या. त्यातला ६६ पाउंडांचा एक दगड एकाने दुसऱ्याच्याच रानातून खणून काढला आणि १०५ डॉलरला विकूनही टाकला. जमीनमालक कोर्टात गेला. आभाळातून पडलेली वस्तू, सापडेल त्याची, असं समोरच्याचं म्हणणं, पण १८९२ मध्ये आयोवा राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दगड मातीत रुतला म्हणजे तो जमिनीचाच भाग झाला, मालक जमीनवाला.

यापेक्षा भारी किस्सा ओरेगॉनचा. एलिस ह्यूज नावाच्या माणसाला १९०२ मध्ये एका लोखंड कंपनीच्या जंगलात साडेपंधरा टनांची लोखंडी उल्का दिसली, आणि या पठ्ठ्याने लाकडी गाडा बनवला, एक घोडा आणि घरची माणसं हाताशी घेतली आणि तीन महिने खपून ती जवळपास सव्वा किलोमीटर ओढत स्वतःच्या जागेत आणली! वर पाहायला येणाऱ्यांकडून २५ सेंट घ्यायला लागला. कंपनीला पत्ता लागला, केस झाली. ही उल्का तिथल्या मूळच्या आदिवासी क्लॅकमस लोकांची पूजेची वस्तू होती, त्यांनी ती सोडून दिली म्हणून सापडेल त्याची, असा मुद्दाही त्याच्या बाजूने मांडला गेला, पण १९०५ मध्ये तो हरला. आज ती न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे, आणि क्लॅकमसांच्या वारसांना तिथे धार्मिक विधीसाठी येता येतं, तसा करार २००० मध्ये झाला. (क्लॅकमसांचा मुद्दा कोर्टात मांडला गेला तो ह्यूजसाठी, त्यांच्या स्वतःसाठी नाही, हे जरा खटकतंच.)

मग जमीन सरकारचीच असेल तर? तो प्रश्न १९७० च्या दशकात ऐरणीवर आला. कॅलिफोर्नियात ओल्ड वुमन डोंगरांत सोनं शोधत फिरणाऱ्यांना २,७५३ किलोची लोखंडी उल्का सापडली. त्यांनी १८७२ च्या खाण कायद्याखाली क्लेम टाकला, म्हणजे हक्क सांगितला, कारण सोन्याचांदीला तोच रस्ता. बीएलएम म्हणालं, उल्का म्हणजे त्या कायद्यातलं खनिज नव्हे. त्याऐवजी त्यांनी १९०६ चा अँटिक्विटीज ॲक्ट पुढे केला, जो खरं तर पुरातन अवशेषांची लूट थांबवायला केला होता, पण त्यात शास्त्रीय महत्त्वाच्या वस्तूही येतात. त्या जोरावर उल्का स्मिथसोनियन या सरकारी म्युझियमला दिली, १९७७ मध्ये मरीन्सच्या (अमेरिकी सैन्याच्या) हेलिकॉप्टरने डोंगरावरून उचलली. कॅलिफोर्निया सरकार चिडलं, खटला १९८० पर्यंत चालला, जिंकलं केंद्र सरकार. संशोधनासाठी एक तुकडा कापून ठेवला आणि उरलेला मोठा भाग पुढे परत कॅलिफोर्नियात, बारस्टोला आला.

म्हणजे २०१२ च्या नियमाने नवीन बंदी आणली असं नाही, उलट हौशी लोकांना एक फट ठेवली. पण १० पाउंड हा आकडा मला कंजूषच वाटतो, कारण त्याच जमिनीवरून दगड झालेलं लाकूड वर्षाला २५० पाउंड फुकट नेता येतं. मेटल डिटेक्टर चालतो, मोटरवाली यंत्रं नाहीत. शास्त्रज्ञांना अजूनही १९०६ च्याच कायद्याखाली परमिट लागतं. आणि नॅशनल पार्कमध्ये मात्र एक खडाही उचलायचा नाही, त्यामुळे बाहेर पडायच्या आधी नकाशावर कुठली जमीन कुठल्या खात्याची ते बघणं आलंच.