पार्श्वभूमी : ‘क्रीमी लेयर’ म्हणजे नेमके कोण?

मागासवर्गातल्या सुस्थितीतील मोजक्या कुटुंबांसाठी रूढ झालेला हा शब्द कायद्यातून नव्हे, न्यायालयातून आला. केरळमधील अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांना खात्याच्या परीक्षेसाठी दिलेल्या मुदतवाढीचा खटला 1975 मध्ये निकाली निघाला. सवलती वरचा थरच पळवतो आणि तळातले आहेत तिथेच राहतात, ही चिंता मांडताना सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी हा शब्द वापरला. त्याचा नियम व्हायला मात्र 16 नोव्हेंबर 1992 उजाडले. नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मंडल आरक्षण, म्हणजे इतर मागासवर्गीयांचे (ओबीसी) आरक्षण, वैध ठरवताना या थराला त्यातून वगळण्याची अट घातली.

महाराष्ट्राच्या सरकारी कागदांवर याला ‘उन्नत व प्रगत गट’ म्हणतात. आपण या गटात मोडत नाही, असा दाखला आरक्षणासाठी लागतो; त्याबद्दल बोलताना मात्र ‘नॉन-क्रीमी काढलंस का?’ असेच विचारले जाते. राज्याच्या 2001 च्या आरक्षण कायद्याने हे तत्त्व अनुसूचित जाती-जमाती वगळता सगळ्यांना लावले. त्यामुळे ज्यांच्या आधीच्या पिढ्या पालावर राहिल्या, त्या भटक्या-विमुक्तांच्या मुलांनाही हा दाखला लागतो.

खरा गुंता आहे उत्पन्नाचा. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 1993 मध्ये 1 लाख रुपये होती. 2004, 2008 आणि 2013 मध्ये वाढत 2017 मध्ये 8 लाखांवर आली. त्यामुळे ‘आठ लाखांच्या वर गेला की क्रीमी लेयर’ असा समज पक्का झाला. पण 8 सप्टेंबर 1993 च्या केंद्रीय आदेशाची मूळ कसोटी पैशाची नाही, दर्जाची आहे. आई किंवा वडील थेट भरतीने वर्ग 1 अधिकारी असतील तर मुले आरक्षणाबाहेर, पगार कितीही असो. उलट दोघेही वर्ग 3 चे कर्मचारी असतील, तर त्यांचा एकत्रित पगार मर्यादेपलीकडे गेला तरी मुले आत राहतात. पगार आणि शेतीचे उत्पन्न त्या मोजणीत धरायचेच नाही, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. शेतीसाठी वेगळे माप आहे, ते ओलिताखालच्या जमिनीचे.

अडचण झाली ती सार्वजनिक उपक्रम, बँका आणि खासगी कंपन्यांतल्या नोकरदारांची. त्यांची पदे सरकारी वर्गांशी जुळवायची होती, ते काम वर्षानुवर्षे झालेच नाही. मग ऑक्टोबर 2004 च्या एका स्पष्टीकरणपत्राने अशा पालकांचा पगार स्वतंत्रपणे तपासायला सांगितले. परिणाम असा की सरकारी कारकुनाचा मुलगा आत आणि तेवढाच पगार घेणाऱ्या कंपनी कामगाराचा मुलगा बाहेर. मूळ आदेशाने जे वगळले ते एका पत्राने परत आणणे अन्यायाचे होते. नागरी सेवा परीक्षा उत्तीर्ण झालेल्या काही उमेदवारांच्या नियुक्त्याही यावरून अडल्या.

केंद्रीय उपक्रमांतल्या पदांची समकक्षता 2017 मध्ये, म्हणजे 24 वर्षांनी ठरली. निव्वळ उत्पन्नावर गट पाडणारी हरियाणाची अधिसूचना सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये रद्द केली. ऑगस्ट 2024 मध्ये त्याच न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठातील चौघांनी हे तत्त्व अनुसूचित जाती-जमातींनाही लावावे, असे मत दिले. काही दिवसांतच केंद्र सरकारने ते लागू करणार नसल्याचे जाहीर केले.