ऑनलाइन पोकरमध्ये पत्ते 'लावलेले' असतात?

समोरासमोर बसून खेळणारा माणूस ऑनलाइनच्या छोट्या, म्हणजे कमी पैशांच्या, टेबलांवर येतो आणि आठवड्याभरात ठरवून टाकतो: इथे पत्ते लावलेले आहेत, एक्क्यांची जोडी, म्हणजे हातात येणारे सगळ्यात भारी दोन पत्ते, सारखी हरते!

आता हिशोब बघा. डीलर हाताने पत्ते पिसून वाटतो तेव्हा तासाला साधारण 25-30 डाव होतात. एक्क्यांची जोडी सरासरी 221 डावांत एकदा येते, म्हणजे आठ-नऊ तासांत एकदा. ऑनलाइन चार टेबलं उघडली की तासाला अडीचशेच्या वर डाव सहज होतात. तीच जोडी आता तासाला एकदा दिसते. राजांच्या जोडीसमोर, टेबलावरचे समाईक पत्ते उघडण्याआधीच सगळे पैसे लागलेले असतानाही, एक्के साधारण 18 टक्के वेळा हरतात. जे महिन्याकाठी एकदा बोचायचं, ते आता रोज बोचतं. शिवाय छोट्या टेबलांवर लोक काहीही घेऊन कॉल करतात, म्हणजे समोरच्याइतके पैसे लावून डावात राहतात; पाचजण डावात असले तर एक्के निम्म्या वेळाच टिकतात.

फसवणूक झालीच नाही असं नाही. 2007 मध्ये ॲब्सोल्यूट पोकर या साइटवर कंपनीच्या आतल्या खात्यातून इतरांचे झाकलेले पत्ते पाहिले जात होते. पण वाटप बदललेलं नव्हतं, आणि चोरी पकडली ती खेळाडूंनीच, डावांच्या नोंदी चाळून.

कंपनीला कोण जिंकतो याच्याशी देणंघेणं नसतं. ती पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या पैशांतून, रेक (आपला हिस्सा) कापते, आणि छोट्या टेबलांवर खिसा खरा तिथेच रिकामा होतो.