जुन्या आलिशान गाडीला नवे टायर घेण्यापूर्वी

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जुन्या गाड्यांच्या टायरची नक्षी छान शाबूत असते. "अजून कुठे झिजलेत?" असं मालक विचारतात. प्रश्न झिजण्याचा नसतोच. अशी गाडी वर्षातून मोजकीच फिरते, त्यामुळे टायर झिजत नाहीत, पण वयाने जुने होतात. रबर टिकावं म्हणून त्यात मिसळलेली रसायनं टायर फिरताना, दबताना पृष्ठभागावर येत राहतात आणि हवेतल्या ओझोनपासून त्याचं रक्षण करतात. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की हे काम थांबतं. मग साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, बारीक भेगा पडतात, रबर कडक होतं, आणि आतले थर सुटायला लागले तरी बाहेरून काहीच कळत नाही.

म्हणून आधी टायरचा जन्म कधीचा ते पाहा. साइडवॉलवर 'डॉट' (DOT) या अक्षरांनंतर येणाऱ्या क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात. ३५१८ म्हणजे २०१८ सालचा ३५वा आठवडा. तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० सालच्या आधीचा आहे; तो लगेच काढा, त्यावर चर्चा नको. पूर्ण क्रमांक बहुधा एकाच बाजूला असतो, त्यामुळे कधीकधी गाडीखाली वाकून आतली बाजू बघावी लागते. दहा वर्षांनंतर टायर बदलावा, असं अनेक टायर कंपन्याच सांगतात आणि आम्हीही तेच मानतो. डिकीतली स्टेपनी या हिशेबात धरायला विसरू नका. गाडीवरचा सर्वांत जुना टायर बहुतेक वेळा तोच निघतो. कुणी "जुना स्टॉक आहे, पण अजून कागदसुद्धा काढलेला नाही" म्हणून टायर देऊ केला, तरी आधी तारीख वाचा.

टायर हा सस्पेन्शनचाच भाग

या गाड्यांच्या बाबतीत आम्हाला सर्वांत आग्रहाने सांगायचं आहे ते हेच. रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडोचं उदाहरण घ्या. १९६५ साली ही गाडी क्रॉसप्लाय टायरवर (आतल्या धाग्यांचे थर एकमेकांवर तिरके असलेला जुन्या पद्धतीचा टायर) आली. पुढे रेडियल टायर (आतले धागे एका कडेपासून दुसरीपर्यंत सरळ आडवे असलेला, आजच्या पद्धतीचा टायर) वापरता यावेत म्हणून कंपनीने १९७२ मध्ये पुढचं सस्पेन्शन बदललं, आणि १९७४ मध्ये आणखी रुंद टायर दिले तेव्हा चाकांवरच्या पत्र्याच्या कमानीही रुंद केल्या. जॅग्वारच्या १९६८च्या एक्सजे-सिक्ससाठी डनलॉपने खास टायर तयार केला होता. या गाड्या रस्त्यावरून ज्या अलगद जातात, त्यातला मोठा वाटा उंच, लवचीक साइडवॉलचा आहे. म्हणूनच अशा गाडीला मोठी अलॉय व्हील आणि पट्टीसारखे बुटके टायर लावायला आम्ही मनापासून विरोध करतो. दिसायला कसंही असो, गाडीचा स्वभावच जातो.

माप : रुंदीपेक्षा उंची बघा

जुन्या गाड्यांवर '१८५ एचआर १४' अशी मापं असतात. १८५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी, एच हे वेगाचं अक्षर, आर म्हणजे रेडियल आणि १४ हा रिमचा इंचातला व्यास. साइडवॉलची उंची रुंदीच्या किती टक्के, हे यात लिहिलेलं नसतं. ती साधारण ८० ते ८२ धरायची. दुकानात सहज मिळतो म्हणून त्या जागी १८५/७० आर १४ (इथे ७० ही ती टक्केवारी) बसवला, तर टायरचा व्यास सुमारे ६५९ मिलिमीटरवरून ६१५वर येतो. गाडी दोन सेंटिमीटरहून जास्त खाली बसते, त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा सुमारे सात टक्के जास्त वेग दाखवतो. व्यासातला फरक दोन-तीन टक्क्यांच्या आत ठेवायचा, हा आमचा नियम.

रुंदी वाढवायचा मोह झाला तर टायर त्या रिमच्या रुंदीला चालतो का, ते टायर कंपनीच्या तक्त्यात बघावं लागतं. स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि मागच्या सीटवर माणसं बसवून टायर कुठे घासतो का, हेही तपासावं लागतं. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत रुंद टायरने हात भरून येतात.

भार : इथे तडजोड नाही

आज १४ आणि १५ इंची टायर प्रामुख्याने छोट्या, हलक्या गाड्यांसाठी बनतात. माप जुळलं तरी टायर तुमच्या गाडीचं वजन पेलेलच असं नाही. मापापुढचा आकडा म्हणजे भारांक. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, ९५ म्हणजे ६९०, १०३ म्हणजे ८७५. सिल्व्हर शॅडो रिकामी असतानाच सुमारे २१०० किलोची आहे. पाच माणसं आणि सामान धरलं की २५०० किलोच्या पुढे जाते. भारांक ९१ चे चार टायर मिळून २४६० किलोच पेलतात, आणि वजन चारही चाकांवर सारखं कधीच नसतं. मूळ टायरपेक्षा कमी भारांकाचा टायर आम्ही बसवत नाही, ग्राहकाने कितीही आग्रह केला तरी.

उलट टोकाची चूकही होते : भार पेलावा म्हणून व्हॅनचा टायर लावणं. तो पेलतो खरा, पण त्याची साइडवॉल इतकी ताठ असते की रस्त्यावरचा प्रत्येक खडा सीटपर्यंत पोचतो.

भारांकानंतरचं अक्षर वेगाचं. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, व्ही म्हणजे २४०. मूळ टायर व्हीआर असेल तर "मी कुठे एवढा पळवतो" म्हणून खालचं अक्षर घेऊ नका. वरच्या श्रेणीचा टायर उष्णताही जास्त सोसतो.

क्रॉसप्लाय, ट्यूब आणि वेगळे रिम

एकाच ॲक्सलवर क्रॉसप्लाय आणि रेडियल कधीही एकत्र नकोत. पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय हे तर फारच धोक्याचं, कारण वळणावर मागची चाकं आधी सुटतात. बदलायचे तर चारही बदला.

तारांच्या स्पोकची चाकं असतील तर ट्यूब लागते, कारण स्पोकच्या भोकांतून हवा जाते. जुन्या लोखंडी रिमवर टायरची कड धरून ठेवणारा उंचवटा नसेल तरीही ट्यूब घालणं सुरक्षित. ट्यूब रेडियलसाठीची आणि त्याच मापाची हवी. टायरच्या आतली कागदी लेबलं काढून टाकायलाच हवीत; ती घासून ट्यूब फाटते.

१९७०च्या दशकात आलेल्या मिशलिन टीआरएक्स टायरचे रिम मिलिमीटरच्या मापाचे असतात, उदाहरणार्थ ३९० मिलिमीटर. त्यावर साधा १५ किंवा १६ इंची टायर बसत नाही आणि जबरदस्तीने बसवूही नये. मिशलिन आणि पिरेलीसारख्या कंपन्या जुन्या गाड्यांसाठी मूळ नक्षीचे टायर आजच्या रबरात पुन्हा बनवतात. महाग पडतात, पण तुमच्या गाडीसाठी ते मिळत असतील तर आमची पहिली शिफारस तीच राहील.

हवा आणि पहिले दिवस

साइडवॉलवर लिहिलेला दाब हा कमाल दाब असतो, रोज भरायचा नव्हे. गाडीच्या पुस्तिकेतला आकडा मूळ टायरसाठी आहे. क्रॉसप्लायवरून रेडियलवर आलात तर तो जसाच्या तसा चालत नाही. आम्ही टायर बसवताना तुमच्या गाडीचा पुढचा आणि मागचा दाब लिहून देतो. दाब टायर थंड असतानाच तपासा. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक आणि वेगात वळणं टाळा, नव्या रबराची पकड हळूहळू येते. गाडी बराच काळ उभी राहणार असेल तर हवा थोडी जास्त ठेवा, अधूनमधून ती पुढेमागे हलवा, आणि बॅटरी चार्जर किंवा इलेक्ट्रिक मोटार चाकांजवळ ठेवू नका. त्यातून ओझोन तयार होतो.

चौकशी करताना गाडीचं मॉडेल आणि साल, सध्याच्या टायरचं पूर्ण माप, रिमवर कोरलेला आकडा, आणि चाकाचा आतून-बाहेरून एकेक फोटो पाठवा. आधीच्या मालकाने रिम बदलले असण्याची शक्यता बरीच असते, म्हणून फक्त मॉडेलच्या नावावरून आम्ही टायर मागवत नाही.