न्यू जर्सीत ऑक्टोबरचे ट्राउट: लायसन, स्टॅम्प आणि इंडियाहून आलेल्या बाबांचं काय?

दरवर्षी दसरा-दिवाळीच्या आसपास एडिसन-ब्रिजवॉटरकडच्या ग्रुपवर हा प्रश्न येतोच, की नदीत मासे सोडतायत म्हणे, आपण गेलो तर चालतं का, परवाना लागतो का, आणि आईबाबा आलेत त्यांना पण नेऊ का. दरवेळी तुकड्या-तुकड्यात उत्तर देण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी हे मासे येतात कुठून ते. वॉरन काउंटीत पेक्वेस्ट नावाची सरकारी हॅचरी आहे, तिथे ट्राउट जातीचे मासे वाढवतात आणि टँकरमधून आणून नद्यांत, तळ्यांत सोडतात. मोठा कार्यक्रम वसंतातला, पण ऑक्टोबरमध्ये साधारण दोन आठवडे दुसरा राउंड असतो. संख्या बरीच कमी, पण मासे मोठे, बहुतेक 14 ते 16 इंची, काही त्याहून दांडगे. सगळे रेनबो ट्राउट, कारण 2013 मध्ये हॅचरीत फुरुन्क्युलोसिस नावाचा रोग शिरला आणि ब्राउन, ब्रूक जातीचे एक लाखाच्या वर मासे मारून टाकावे लागले, त्यानंतर या रोगाला सहज दाद न देणारा रेनबोच वाढवायचं ठरलं. ऑक्टोबरच का, तर ट्राउटला थंड पाणी लागतं, उन्हाळ्यात इथले ओढे तापतात आणि मासा टिकत नाही, आता सोडलेला हिवाळाभर राहतो. साउथ ब्रांच रॅरिटन, मस्कॉनेटकाँग, पेक्वेस्ट, पॉलिन्सकिल, बिग फ्लॅटब्रुक ही नेहमीची नावं. कुठल्या दिवशी कुठे गाडी जाणार ते फिश अँड वाइल्डलाइफ खातं आधीच जाहीर करतं. आणि मासे सोडायच्या दिवशी मासेमारीला बंदी ऑक्टोबरात नसते.

आता कागदपत्रं. लोक गडबडतात ते इथे, की लायसन वेगळं आणि ट्राउट स्टॅम्प वेगळा. नुसतं लायसन घेऊन ट्राउटच्या मागे लागता येत नाही, दोन्ही लागतात. वय 16 च्या खाली असेल तर काहीच नको, पोरांना बिनधास्त न्या. 16 ते 64 वयाच्या रहिवाशाला लायसन 22.50 डॉलर, 65 ते 69 ला 12.50, वर स्टॅम्प 10.50. बरीच वर्षं हेच दर आहेत, तरी पैसे भरताना स्क्रीनवर दिसेल तो आकडा खरा धरा. 70 आणि त्यापुढच्या रहिवाशाला लायसनही नको, स्टॅम्पही नको, फक्त वयाचा पुरावा खिशात ठेवायचा.

रहिवासी म्हणजे कोण? तर अर्ज करायच्या आधी सलग सहा महिने न्यू जर्सीत राहिलेला. सिटिझन असायची गरज नाही, एच-वन व्हिसावाला चालतो, पण मागच्या महिन्यात टेक्सासहून शिफ्ट झाला असाल तर तुम्ही नॉन-रेसिडेंट, म्हणजे लायसन 34 डॉलर आणि स्टॅम्प 20.

आणि हेच आपल्या बाबांना लागू होतं. बाबा 72 चे आहेत, सत्तरीच्या वर माफ आहे ना, असं सगळ्यांना वाटतं. नाही हो. ती सूट रहिवाशांना आहे, नॉन-रेसिडेंट 16 किंवा त्याच्या वर कितीही वयाचा असो, लायसन लागतंच. दोन दिवसांचं 9 डॉलरला मिळतं, सात दिवसांचं 19.50 ला, पण स्टॅम्प तोच 20 वाला. म्हणजे एका वीकेंडला बाबांच्या हातात गळ द्यायचा तर 29 डॉलर. बाबांना ते रुपयात सांगू नका, घरीच बसतील.

यावर उपाय आहे. वर्षातून दोन फ्री फिशिंग डे असतात, एक जूनमध्ये, एक ऑक्टोबरमध्ये, दोन्ही शनिवारी. त्या दिवशी रहिवासी असो नसो, कुणालाच लायसन नको, स्टॅम्प नको. गेली काही वर्षं ऑक्टोबरवाला तिसऱ्या शनिवारी येतोय, म्हणजे मासे नुकतेच सोडलेले असतात. बाबांना त्याच दिवशी न्या. माशांच्या संख्येचे आणि मापाचे नियम मात्र त्या दिवशीही लागू.

अर्ज एकदम सोपा आहे, शिकारीच्या परवान्याला असतो तसा कोर्सबिर्स नाही, फोटो नाही. खात्याच्या साइटवर प्रोफाइल बनवायचं, त्यात सीआयडी (कॉन्झर्व्हेशन आयडी) नंबर मिळतो, तो जपून ठेवा, पुढच्या वर्षी तोच चालतो. सोशल सिक्युरिटी नंबर मागतात, घाबरू नका, फेडरल कायद्यानेच तो मागावा लागतो. पत्त्यासाठी न्यू जर्सीचं ड्रायव्हिंग लायसन हाताशी ठेवा. नाहीतर सरळ गळ-गांडुळं विकणाऱ्या, एजंट असलेल्या दुकानात जा, तिथे काउंटरवर काढून देतात, पाहुण्यांचं काढायचं असेल तर पासपोर्ट घेऊन तिथेच गेलेलं मला बरं वाटतं.

एक गोष्ट मला उशिरा कळली. लायसन 31 डिसेंबरला संपतं, कधीही काढा. मी ऑक्टोबरच्या शेवटी काढून वर्षभराची सोय झाली म्हणून खूश होतो, जानेवारीत रॉड गाडीत टाकताना बायकोने तारीख वाचून दाखवली.

ऑक्टोबरात दिवसाला चार ट्राउट ठेवता येतात, 9 इंचाच्या खालचा सोडायचा. उत्तर-पश्चिमेकडच्या भागात ब्रूक ट्राउट लागला तर कितीही मोठा असो, लगेच पाण्यात परत, तो इथला मूळचा मासा आहे. साउथ ब्रांचवर केन लॉकवूड गॉर्जसारख्या काही पट्ट्यांचे नियम अजून कडक आहेत, काठावर बोर्ड असतात, गळ टाकायच्या आधी ते वाचा.